चौसष्ट घरांची शाळा

बुडापेस्ट शहरातील एका लहानशा घरात एके रात्री सारी मंडळी निजली होती. मध्यरात्रीच्या सुमारास घरधनी जागे झाले आणि पाहतात तो काय, स्नानगृहात दिवा जळत आहे! आत त्यांची मधली मुलगी सोफिया मांडीवर बुद्धिबळाचा पट घेऊन बसली होती. घरात कोणी जागे झाले आहे, याचेही तिला भान नव्हते. त्या सोंगट्यांना आता सोड आणि नीज, असे वडिलांनी बजावले. तेव्हा मुलीने काकुळतीने सांगितले की, मी त्यांना सोडायला तयार आहे. पण त्याच मला सोडीत नाहीत!

हे घरधनी म्हणजे लास्लो पोल्गार. त्यांच्या तीन मुलींची, म्हणजे सुझन, सोफिया आणि ज्युडिट यांची नावे पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाली. त्या जन्मतःच अलौकिक होत्या, असे कोणी म्हटले की वडिलांना ते मुळीच रुचत नसे. प्रतिभावंत मूल जन्माला येत नाही, ते घडवावे लागते, हे त्यांचे आग्रहाचे मत होते. आणि नवलाची गोष्ट अशी की, हे मत त्यांनी मुली झाल्यावर नव्हे, तर विवाहापूर्वीच बनविले होते.

लास्लो हे शिक्षणशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे अभ्यासक. विद्यार्थिदशेत त्यांनी जगातील शेकडो थोर पुरुषांची चरित्रे बारकाईने वाचली. त्यांत त्यांना एक गोष्ट वारंवार आढळली. ज्यांनी एखाद्या विद्येत असामान्य प्रावीण्य मिळविले, त्यांतील बहुतेकांनी ती विद्या अगदी कोवळ्या वयात हाती घेतली होती आणि कोणीतरी मायेने व चिकाटीने त्यांच्याकडून ती करवून घेतली होती. मग प्रत्येक निरोगी बालकाच्या बाबतीत असे का घडू नये, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. पुढे सोव्हिएट युक्रेनमधील क्लारा नावाच्या एका शिक्षिकेशी त्यांची ओळख झाली आणि पत्रव्यवहार सुरू झाला. वधूवरांच्या पत्रांत जे असायचे ते त्यांत असेलही. परंतु आपल्याला मुले झाल्यावर त्यांना घरीच कसे शिकवावयाचे, याची योजनाही त्यांत होती. क्लाराबाईंना हे गृहस्थ प्रथम विक्षिप्त वाटले असल्यास नवल नाही. तरीही १९६७ मध्ये त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी सुझनचा जन्म झाला. १९७४ मध्ये सोफिया आणि १९७६ मध्ये ज्युडिट जन्मली.

मुलीला नेमके काय शिकवावे, याविषयी आईबापांचा विचार चालू होता. गणित शिकवावे की परक्या भाषा शिकवाव्यात? इतक्यात हा प्रश्न मुलीनेच सोडविला. चार वर्षांची सुझन एके दिवशी घरातील कपाट धुंडाळीत असता तिला बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या. घोड्याचे ते डौलदार डोके, उंच राजा, ठेंगणी प्यादी! ही खेळणी कसली, असे तिने आईला विचारले. आईला बुद्धिबळ येत नव्हते. तिने सांगितले, "बाबा घरी आले की त्यांना विचार." बाबांनाही ही निवड मानवली, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. चित्र चांगले की वाईट, कविता श्रेष्ठ की सामान्य, यावर दहा माणसांची दहा मते होतात. बुद्धिबळात तसे होत नाही. राजावर मात झाली की झाली. तेथे वशिला चालत नाही आणि मतभेदालाही जागा उरत नाही. ज्याला आपला प्रयोग जगापुढे सिद्ध करून दाखवावयाचा होता, त्याला असाच तराजू हवा होता.

लास्लो यांनी मुलीपुढे सगळे नियम एकदम मांडले नाहीत. प्रथम केवळ प्यादी घेऊन खेळावयाचे. जे प्यादे आधी पलीकडच्या टोकाला पोहोचेल, त्याचा जय. लहान मुलाला एवढे सहज कळते आणि त्यात शर्यतीची मौजही असते. मग एकेक सोंगटी पटावर आली. सुझनने अवघ्या काही महिन्यांत किती मजल मारली, हे १९७३ मध्येच दिसून आले. बुडापेस्टमधील अकरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत या चार वर्षांच्या मुलीने दहा डाव खेळून दहाही जिंकले.

यानंतर शाळेचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी हंगेरीत समाजवादी राजवट होती आणि मुलाला शाळेत न धाडता घरी शिकवावयाचे, ही कल्पनाच अधिकाऱ्यांना असह्य होती. अर्ज झाले, हेलपाटे झाले. मुलींचे बालपण हिरावून घेणारा बाप, असा ठपकाही लास्लो यांच्यावर आला. अखेर पुष्कळ खटपटीनंतर परवानगी मिळाली. मात्र शालेय परीक्षा द्याव्या लागतीलच, अशी अट होती. ती मुलींनी बिनबोभाट पाळली.

पोल्गारांच्या घराला मग खऱ्या अर्थाने शाळेचे रूप आले. भिंतींना बुद्धिबळाच्या पुस्तकांची फळकुटे टेकलेली. लाकडी खणांतून कार्डांच्या चळती. देशोदेशींच्या मासिकांतून आलेले डाव कापून, उतरवून, खेळाडूंच्या नावांप्रमाणे आणि डावाच्या प्रारंभाप्रमाणे लावून ठेवलेले. संगणक घरोघर नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. अमुक खेळाडूशी उद्या गाठ आहे, असे कळले की त्याचे कार्ड काढावे आणि तो कोठे चुकतो ते पाहावे. हे सारे काम आईबापांनी हातांनी केले. स्पर्धेला जाण्याची तयारी, प्रवास, जेवणखाण यांचा भार क्लाराबाईंनी उचलला. मुलींच्या कीर्तीत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. परंतु त्यांच्यावाचून ही शाळा एक आठवडाही चालली नसती.

दिवसाचे वेळापत्रक ठरलेले असे. लास्लो यांनी १९८९ मध्ये आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी रोज चार तास मुख्य विषयाला, एक तास परक्या भाषेला आणि एक तास व्यायामाला द्यावा, असे सुचविले आहे. या वेळापत्रकात विनोद सांगण्यासाठीही वीस मिनिटे राखून ठेवलेली आहेत! हसण्याला घड्याळ लावणारा हा गृहस्थ थोडा अजब खरा; पण थकलेले मन काही शिकत नाही, एवढे त्याला पक्के उमगले होते. परक्या भाषांत पहिली भाषा एस्पेरांतो. ही मुद्दाम बनविलेली भाषा नियमांना अपवाद नसल्यामुळे मुलांना लवकर येते.

चार तास म्हणजे चार तास डाव खेळत राहावयाचे, असे मात्र नव्हते. येथेच या शिकवणीचे मर्म आहे. गल्लीतील ओट्यावर जन्मभर बुद्धिबळ खेळणारी माणसे सर्वत्र आढळतात. त्यांचा खेळ विसाव्या वर्षी जसा असतो, तसाच पन्नासाव्या वर्षीही राहतो. कारण ते खेळतात, सराव करीत नाहीत. पोल्गारांच्या घरी काय चाले, याची कल्पना लास्लो यांच्या एका जाडजूड ग्रंथावरून येते. १९९४ मध्ये निघालेल्या या ग्रंथात ५,३३४ कूटे व डाव आहेत. आरंभी एका खेळीत मात करावयाची ३०६ कूटे. नंतर दोन खेळींत मात करावयाची ३,४१२. मग तीन खेळींची ७४४. आधीच्या कूटाहून पुढचे किंचित कठीण. आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक, हे तत्काळ कळणारे. मूल तीन हजार वेळा विचार करते, चुकते, सुधारते, आणि तेही कंटाळा न येता. कारण एकेक कूट म्हणजे एकेक कोडेच. दुसरी गोष्ट अशी की, मुलीला कोणाशी खेळवावयाचे, याचा लास्लो नीट विचार करीत. प्रतिस्पर्धी फार दुबळा असला की मूल आळसावते. फार बलाढ्य असला की वारंवार हरून त्याचे मन मोडते. जेमतेम आपल्याएवढ्याच ताकदीच्या माणसाशी गाठ पडली, म्हणजे अंगचे सारे बळ लागते.

स्वतः लास्लो यांचा खेळ बेताचाच होता. मुली लवकरच त्यांच्या पुढे गेल्या. ज्युडिट तर पाच वर्षांची असतानाच वडिलांवर मात करू लागली. तेव्हा त्यांनी दुसरे चांगले शिक्षक घरी आणले. आपल्याला जे येत नाही ते मुलाला दुसऱ्याकडून शिकवून घ्यावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. सर्वच बापांना आणि गुरूंना हे साधते असे नाही.

थोरली बहीण खोलीत शिक्षकांबरोबर बसे, तेव्हा दार लावून घेतलेले असे. त्या दाराला एक लहानशी खिडकी होती. आतला हसण्याखिदळण्याचा आवाज ऐकून सोफिया आणि ज्युडिट त्या खिडकीतून डोकावत. आत काहीतरी मोठी मजा चालली आहे आणि आपल्याला तेथे मज्जाव आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. धाकट्या दोघींना बुद्धिबळ शिकण्याचा आग्रह करावा लागला नाही.

इतक्या सरावाने मनात नेमके काय घडते? याचा उलगडा २००७ सालच्या एका चित्रपटातील प्रसंगाने होतो. सुझन अमेरिकेत एका उपाहारगृहाबाहेर बसली होती. रस्त्याने एक मालमोटार गेली. तिच्या बाजूवर बुद्धिबळाच्या पटाचे मोठे चित्र होते. मोटार क्षणात दिसेनाशी झाली. सुझनने समोरच्या रिकाम्या पटावर सोंगट्या मांडल्या, तो चित्रातील मांडणी जशीच्या तशी! मग मोटार पुन्हा आली. या वेळी चित्रात सोंगट्या कशाही, अर्थ न जुळता, टाकलेल्या होत्या. आता मात्र सुझन अडखळली. सर्वसामान्य माणसाहून तिला फारसे अधिक आठवेना. चेस आणि सायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच अशी परीक्षा घेऊन हे दाखविले होते. उत्तम खेळाडूची स्मरणशक्ती दैवी नसते. आपण ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना एकेक अक्षर लावीत बसत नाही, एकदम सबंध शब्द ओळखतो. तोच अक्षरांचा क्रम उलटासुलटा केला तर मात्र आपणही चाचरतो. सुझनला पटावरील सोंगट्यांचे असे हजारो ‘शब्द’ वाचता येत होते, आणि ते तिने त्या चार-चार तासांत एकेक करून जमविले होते.

घरात सर्व काही असे ठाकठीक चालले असले, तरी दाराबाहेर वेगळेच वारे वाहत होते. स्त्रियांनी स्त्रियांशीच खेळावे, असा रिवाज होता. लास्लो यांना हे मान्य नव्हते. दुबळ्या स्पर्धेत खेळून कोणी बलवान होत नाही, असे ते म्हणत आणि मुलींना पुरुषांच्या स्पर्धांत उतरवीत. १९८४ मध्ये पंधरा वर्षांची सुझन जगातील स्त्रियांत पहिल्या क्रमांकावर आली. १९८६ मध्ये ती पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या विभागीय फेरीस पात्र ठरली. आजवर कोणतीही स्त्री तेथपर्यंत पोहोचली नव्हती. परंतु तिला खेळू देण्यात आले नाही. त्याच सुमारास जागतिक संघटनेने आणखी एक चमत्कारिक निर्णय घेतला. जगातील सर्व क्रियाशील महिला खेळाडूंच्या मानांकनात शंभर गुण वाढविण्यात आले. वगळली ती फक्त सुझनला! इतर स्त्रिया आपसांत खेळतात म्हणून त्यांचे गुण कमी राहतात, सुझन पुरुषांशी खेळते म्हणून तिला त्याची गरज नाही, असे कारण सांगितले गेले. एका रात्रीत तिचे पहिले स्थान गेले.

याच प्रश्नाचा झगडा त्यापूर्वी दहा वर्षे महाराष्ट्रात होऊन गेला होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात नसते. मुंबईच्या खाडिलकर कुटुंबात वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणी वाढल्या. ‘नवाकाळ’ पत्राचे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. वासंतीने १९७४ मध्ये महिलांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि पुढील सुमारे दशकभर ते पद बहुतेक या बहिणींतच फिरत राहिले. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गहजब झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स ओव्हे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. असे असूनही बुडापेस्टच्या मुलीच्या वाट्याला १९८६ मध्ये तोच अनुभव आला. निर्णय कागदावर उतरणे आणि माणसांच्या मनात उतरणे यांत पुष्कळ अंतर असते.

पोल्गार भगिनींनी याचे उत्तर पटावर दिले. १९८८ मध्ये ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथे बुद्धिबळ ऑलिंपियाड भरले. १९५७ पासून महिलांच्या ज्या ज्या ऑलिंपियाडमध्ये सोव्हिएट संघ उतरला, त्यातील सुवर्णपदक त्याच्या हातून कधी निसटले नव्हते. हंगेरीच्या चार जणींच्या संघात तिघी पोल्गार भगिनी आणि चौथी इल्दिको माद्ल. सर्वांत धाकटी ज्युडिट होती अवघी बारा वर्षांची. ती तेरा डाव खेळली. बारा जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. हंगेरीने सुवर्णपदक पटकाविले. मायदेशी परतलेल्या त्या मुलींचे स्वागत लोकांनी मोठ्या प्रेमाने केले. काही वर्षांपूर्वी याच मुलींच्या बापाला दोष देणाऱ्यांची तोंडे त्या दिवशी बंद झाली असावीत.

पुढच्याच वर्षी चौदा वर्षांची सोफिया रोमला गेली. तेथील स्पर्धेत अनेक ग्रँडमास्टर होते. तिने नऊ डावांत साडेआठ गुण मिळविले. जाणकार मंडळी आजही त्या स्पर्धेची आठवण काढतात. १९९१ च्या जानेवारीत सुझन ग्रँडमास्टर झाली. पुरुषांना जे निकष लावले जातात, तेच पुरे करून हे पद मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी डिसेंबरात ज्युडिटने पुरुषांसह सर्वांना खुले असलेले हंगेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले आणि तीही ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी तिचे वय पंधरा वर्षे चार महिने होते. अमेरिकेच्या बॉबी फिशर यांनी १९५८ मध्ये केलेला सर्वांत लहान वयाच्या ग्रँडमास्टरचा विक्रम तिने मोडला.

एका घरात, एकाच पद्धतीने, त्याच पुस्तकांवर तिघी वाढल्या. तरी तिघींची उंची सारखी झाली नाही. सुझन १९९६ मध्ये महिलांची जगज्जेती झाली. सोफियाला रोमसारखे शिखर पुन्हा लाभले नाही आणि ती हळूहळू चित्रकलेकडे वळली. ज्युडिटचे नाव मात्र पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत चढले. तेथपर्यंत दुसरी कोणतीही स्त्री पोहोचलेली नाही. लास्लो यांच्या सिद्धान्तापुढे हे एक न सुटलेले कूटच म्हणावे लागेल. ज्युडिटला जन्मतः काही अधिक मिळाले होते का? की थोरल्या दोन बहिणींच्या रूपाने तिला घरातच रोज तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाले, हा तिचा लाभ? सुझनने डोके आपटून जी दारे उघडली, त्यांतून ज्युडिट चालत गेली, हेही खरे. शिवाय एकच कुटुंब पाहून साऱ्या मानवजातीविषयी नियम बांधावयाचा, ही घाई झाली. पण सराव आणि मार्गदर्शन नसते तर या तिघींपैकी एकीचेही नाव आज कोणी घेतले नसते, एवढे निःशंकपणे म्हणता येईल.

जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह यांनी स्त्रियांच्या खेळाविषयी पूर्वी बरेच अनुदार उद्गार काढले होते. ज्युडिट आणि त्यांची गाठ अनेकदा पडली आणि बहुतेक वेळा तीच हरली. २००२ च्या सप्टेंबरात मॉस्को येथे रशिया विरुद्ध उर्वरित जग असा जलद डावांचा सामना झाला. ज्युडिट पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसली. वजिरावजिरी लवकरच झाली. हल्ला करण्यात ज्युडिट निष्णात. तेव्हा वजीर गेल्यावर तिचे बळ ओसरेल, असे प्रतिपक्षाला वाटले असावे. परंतु तिचे दोन्ही हत्ती काळ्या राजाच्या अंगणात घुसले आणि बेचाळिसाव्या खेळीला त्या वेळच्या जगातील पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने डाव सोडला. २०१४ मध्ये ज्युडिटने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली आणि पुढे हंगेरीच्या पुरुष संघाच्या मार्गदर्शनाचे काम हाती घेतले.

मुली नावारूपाला येत असताना हॉलंडमधील एका धनिक बुद्धिबळप्रेमी गृहस्थाने लास्लो यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. एखाद्या गरीब देशातील तीन मुले दत्तक घ्यावीत, त्यांना याच पद्धतीने वाढवावे, खर्चाची काळजी करू नये. आपल्या मुलींच्या रक्तातच काही विशेष असेल, ही शंका त्यामुळे कायमची मिटली असती. लास्लो यांना मोह पडला. परंतु क्लाराबाईंनी नकार दिला. पुन्हा ती कार्डे, ते प्रवास, ते हेलपाटे, ती रात्रंदिवसाची राखण. आणि मुले म्हणजे काही पटावरच्या सोंगट्या नव्हेत. लास्लो यांनी पत्नीचे म्हणणे ऐकले, आणि तो प्रयोग पुन्हा झाला नाही.